पातळ वरणाचा हिशोब

मेस चालवणाऱ्या बाईचा नफा वरणात असतो. पोळ्या पोरं मोजून घेतात, भाजी कमी पडली तर ताट वाजवतात, भात संपला तर कुकर पुन्हा चढवावा लागतो. पण वरणाच्या गंजात दोन तांबे पाणी वाढवलं तरी फोडणीचा वास तसाच येतो आणि कुणी काही बोलत नाही. या धंद्यातल्या सगळ्या बायांना हे ठाऊक असतं. मी ते छापायला दिलं म्हणून कुणी रागावेल असं वाटत नाही, कारण तूरडाळीचा भावही सगळ्यांना ठाऊक असतो.

माझी मेस हिवरा आश्रमला आहे. मेहकर तालुका, चिखलीकडं जाणाऱ्या रस्त्यावरचं गाव. शुकदास महाराजांनी इथं विवेकानंद आश्रम उभा केला आणि गावाच्या नावातच तो शब्द कायमचा बसला. शाळा आली, वसतिगृहं आली, कृषी महाविद्यालय आलं आणि त्यांच्या पाठोपाठ खोल्या भाड्यानं देणारे, झेरॉक्सवाले आणि माझ्यासारख्या मेसवाल्या आल्या. बाहेरच्यांना हे गाव ठाऊक असतं ते विवेकानंद जयंतीच्या उत्सवामुळं. पौषातल्या त्या महापंगतीत लाखांच्या संख्येनं माणसं ओळीनं जमिनीवर बसतात आणि पुरी नि वांग्याची भाजी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून वाढत नेतात. त्या दिवशी माझी मेस बंद असते आणि मी पुऱ्या लाटायला असते. त्या पंगतीत कुणी ताटाचा हिशोब करू नये. बाकीच्या दिवसांचा मात्र करावा लागतो, आणि तो मला करायला लावला भरतीच्या पोरांनी.

भरतीची पोरं म्हणजे पोलीस भरती, अग्निवीर, वनरक्षक यांची तयारी करणारी. आजूबाजूच्या खेड्यांतून येतात, तिघं-चौघं मिळून खोली घेतात. पहाटे मैदान, दिवसभर अभ्यासिका, संध्याकाळी पुन्हा मैदान. पोलीस भरतीत मैदानी चाचणीला ५० गुण. पोरांना १६०० मीटर धावणं २० गुणांचं, १०० मीटर १५ गुणांचं आणि सव्वासात किलोचा गोळा १५ गुणांचा. १६०० मीटर पाच मिनिटं दहा सेकंदांत आले तर पूर्ण वीस, त्याहून थोडा जरी उशीर झाला की दोन गुण गेले. एका गुणावर शंभर पोरं अडलेली असतात, तेव्हा या दोन गुणांची किंमत बाहेरच्याला कळायची नाही. कुणाच्या बापाचं दोन एकर सोयाबीन त्या सेकंदांवर लागलेलं असतं.

त्यांना पळवणारे सर फौजेतून निवृत्त झालेले. बोलणं कमी. एका संध्याकाळी ते मेसच्या दारात आले आणि म्हणाले, "ताई, या पोरायले खायले काय देता तुम्ही?" आवाजात राग नव्हता, खरंच माहिती हवी होती. पोरं सोमवारी चांगली पळतात, गुरुवारपर्यंत पाय ओढायला लागतात, नडग्या धरून बसतात, असं त्यांचं म्हणणं. सराव तर फौजेत होता त्याच्यापेक्षा हलकाच ठेवलेला. झोप विचारली, ती बरी होती. म्हणजे उरलं ताट.

मी बी.ए.ला गृहअर्थशास्त्र घेतलं होतं. आमच्या भागात मुलींना हा विषय देतात तो बहुधा लग्नाच्या तयारीसाठी, पण त्यातलं पोषणाचं पुस्तक मी ठेवून दिलं होतं. ते काढलं, वही घेतली आणि माझ्याच मेसचं ताट तराजूवर ठेवलं. साठ किलोचं पोरगं धरलं. दिवसाला आठ पोळ्या, म्हणजे अडीचशे ग्रॅमच्या आसपास पीठ. त्यातून सत्तावीस ग्रॅम प्रथिनं. शंभर ग्रॅम तांदळाचे सात. दोन्ही वेळच्या वरणात मिळून माणशी चाळीस ग्रॅम डाळ, तिचे नऊ. भाजीचे चार, सकाळच्या पोह्यांचे चार. बेरीज पन्नासच्या पुढं एक.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं माणसाला दर किलो वजनामागं ०.८३ ग्रॅम प्रथिनं सांगितली आहेत. साठ किलोला पन्नास ग्रॅम. म्हणजे माझं ताट कागदावर पास होतं! पण ते प्रमाण साधं जगणाऱ्या माणसाचं. रोज पळणाऱ्याला, बैठका मारणाऱ्याला, गोळा फेकणाऱ्याला किलोमागं १.२ ते १.६ ग्रॅम आणि कधी त्याहूनही जास्त लागतं, असं क्रीडापोषण सांगतं. पळताना स्नायूंच्या तंतूंना बारीक इजा होते. ती दुरुस्त होताना स्नायू आधीपेक्षा भक्कम होतो, सरावाचा बराचसा फायदा त्या दुरुस्तीत आहे. ही दुरुस्ती दिवस-दोन दिवस चालते आणि तिला माल लागतो प्रथिनांचा. म्हणजे या पोराला हवेत सत्तर ते पंच्याण्णव ग्रॅम आणि मी देत होते पन्नास. त्यातली वनस्पतीची प्रथिनं अंड्या-दुधाच्या मानानं पचतातही थोडी कमी. सरांचा गुरुवार कुठून येत होता ते वहीत दिसलं.

आता कुणी म्हणेल, मग मटण-चिकन खायचं. खातात की. या पोरांपैकी निम्म्याहून जास्त घरांत चालतं. पण चालतं म्हणजे कसं? महिन्यातून एखादा रविवार, पोळ्याची कर, कुणाच्या घरी पाहुणा. चौघं मिळून वर्गणी काढतात, किलोभर चिकन आणतात, खोलीवर स्टोव्हवर शिजवतात आणि त्या एका रात्री आठवड्याचं खाऊन घेतल्याच्या समाधानात झोपतात. कणगीत ज्वारी भरून ठेवावी तशी प्रथिनं अंगात भरून ठेवता येत नाहीत. लागेल तेवढी वापरली जातात, उरलेली जळतात. बाकीची माळकरी घरची, त्यांचा प्रश्नच नाही. शिवाय श्रावण, चातुर्मास, सोमवार, शनिवार, गुरुवार. थोडक्यात, मांसाहारी म्हणवणारं आमचं पोरगंही वर्षातले बहुतेक दिवस शाकाहारीच असतं. ताट त्या दिवसांसाठी सुधारायला हवं होतं.

आणि इथं मला आमच्या शिवाराचा राग आला. पावसाळ्यात हिवऱ्याहून मेहकरला जा की साखरखेर्ड्याकडं, रस्त्याच्या दोन्ही अंगांना सोयाबीन. सोयाबीनच्या ओळींत तूर. दिवाळीनंतर तिथंच हरभरा. प्रथिनांच्या बाबतीत याहून श्रीमंत जमीन कुठं असेल? सोयाबीनच्या दाण्यात शंभराला छत्तीस ते चाळीस ग्रॅम प्रथिनं असतात, तूर-हरभऱ्यात बावीसच्या आसपास, मुगात चोवीस. चिकनमध्येही वीस-बावीसच. हे सगळं आमच्या दारात पिकतं, पोत्यात भरलं जातं आणि मार्केट यार्डात जातं. सोयाबीनचं तेल निघतं, उरलेली ढेप कोंबड्यांच्या खाद्यात जाते. मग तीच कोंबडी रविवारी खोलीवर येते आणि पोरं म्हणतात, आज प्रोटीन खाल्लं. २०२४-२५ला सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४८९२ रुपये होता आणि बाजारात तेवढाही मिळत नव्हता. हमीभावानं धरलं तरी दहा ग्रॅम प्रथिनं सव्वा-दीड रुपयाला पडत होती. तूरडाळीची पाच-सहा रुपयांना, अंड्याची दहा-अकराला, आणि जिमवाल्या डब्यातल्या पावडरीची पंचवीस-तीसला. सगळ्यात स्वस्त प्रथिन आम्ही पिकवतो आणि सगळ्यात महाग विकत घ्यायला पोरगं बापाकडं पैसे मागतं.

त्या डब्यांबद्दल सांगूनच टाकते. एका पोरानं उधारीवर डबा आणला होता, महिन्याच्या मेसइतक्या पैशाचा. चमचा दाखवून म्हणाला, "काकू, एका चमच्यात चोवीस ग्रॅम." मी म्हटलं, बाबू, एका वाटीभर उसळीत आणि ग्लासभर दुधात पंधरा-सोळा आहेत, आणि ते उधार आणावं लागत नाही. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शिकेतही अशा पावडरी टाळा असंच सांगितलं आहे. पावडर म्हणजे विष असं मी म्हणत नाही, दुधापासूनच बनते ती. पण ज्याच्या ताटात डाळ नाही त्यानं पावडर घेणं मला पटत नाही. त्यानं डबा संपवला आणि दुसरा आणला नाही. माझ्यामुळं की उधारीमुळं, ते विचारलं नाही.

पहिलं काम वरणाचं. माणशी वीस ग्रॅमची चाळीस ग्रॅम डाळ केली, एका वेळेला. ऐकायला सोपं, पण महिन्याला माणशी सव्वा किलो डाळ वाढते आणि ती दीड-पावणेदोनशे रुपयांना पडत होती. दर वाढवला तर पोरं शेजारच्या मेसला जातील. मग पापड बंद केला. रविवारचे गुलाबजाम पंधरवड्याला केले. रोजच्या भाजीत बटाटा असायचा, तो कमी करून दोन दिवस मटकी, एक दिवस चवळी, एक दिवस डाळभाजी आणि एक दिवस पातोडीची रस्साभाजी असं लावलं. गुलाबजामावरून जे रामायण झालं ते इथं सांगत नाही. वरण घट्ट झाल्याचं मात्र पहिले दोन आठवडे कुणाच्या लक्षातही आलं नाही. एकानं तेवढं विचारलं, "काकू, आज पाणी आलं नव्हतं का नळाला?"

खरी अडचण दुपार-रात्रीची नव्हतीच, सकाळची होती. पोरं साडेचारला उठतात, पाचला मैदानावर, सातला घामानं निथळत येतात आणि खातात काय? पोहे किंवा उपमा, आणि चहा. चार ग्रॅम. मग अभ्यासिकेत जाऊन बसतात ते एक वाजेपर्यंत. शरीराला ज्या वेळी सगळ्यात जास्त माल हवा तेव्हाच हात रिकामा. एका वेळी वीस-पंचवीस ग्रॅम, असं तीन-चार वेळा मिळालं तर स्नायूला नीट वापरता येतं. माझ्या ताटात सकाळ जवळजवळ कोरडी होती आणि सगळं दुपारी-रात्री. काही पोरं मैदानावर जाताना भिजवलेले हरभरे खिशात घालून नेतात, आजोबांच्या काळापासून चालत आलेलं. चांगलंच आहे, पण मूठभर हरभऱ्यात पाच ग्रॅमच्या वर काही नसतं. त्यावर विसंबून राहू नये.

म्हणून पोह्यांबरोबर उसळ सुरू केली. हरभरा, मूग, मटकी, जे भिजवलेलं असेल ते, कांदा-लिंबू घालून. हिवाळ्यात तुरीच्या शेंगा येतात तेव्हा सोले, नुसते मीठ घालून उकडलेले. त्या दिवसांत पोरं पोह्यांना हात लावत नाहीत. माझ्याकडं म्हैस आहे, तिचं दूध घरचं. ते कमी पडतं तेव्हा गवळ्याकडून घेते. पेलाभर दुधाचे सात ग्रॅम. आणि शेंगदाणे भाजून डब्यात भरून ठेवले, जाताना मूठभर घ्यायचे. शेंगदाण्यात शंभराला पंचवीस ग्रॅम असतात. उन्हाळ्यात दुधाऐवजी सातूचं पीठ, गूळ घालून कालवलेलं. गहू आणि हरभऱ्याची डाळ भाजून दळलेलं हे पीठ आमच्या आज्या अक्षय तृतीयेला करायच्या आणि बाजारात ते आता वेगळ्या वेष्टनात, वेगळ्या नावानं मिळतं.

पोळी-भाकर कमी करा, असं मी कुणाला सांगितलं नाही. मोबाइलवर बघून एका पोरानं पोळ्या सोडल्या होत्या, नुसती डाळ आणि काकडी खायचा. आठवड्यात त्याचं पळणं बसलं. पळायला ताकद पोळी-भातातूनच येते. ती कमी पडली की शरीर प्रथिनंच जाळायला घेतं, म्हणजे दुरुस्तीचं सामान चुलीत. शिवाय धान्य आणि डाळ एकमेकांवाचून अपुरे. गहू-ज्वारीत लायसिन नावाचा घटक कमी असतो, तो डाळीत भरपूर. डाळीत मेथिओनिन कमी, ते धान्यात आणि तिळात. तीन वाटे धान्याला एक वाटा डाळ, असं पोषण संस्था सांगते. माझं माहेर घाटाखालचं, मलकापूरकडचं. तिथं ज्वारीत उडीद घालून कळण्याची भाकर करतात, ठेच्याबरोबर आणि वांग्याच्या भरताबरोबर. माझ्या आईला लायसिन माहीत नव्हतं. शेगावला गजानन महाराजांच्या नावानं झुणका-भाकर होते तीही हरभरा आणि ज्वारी. गरिबाचं म्हणून हसण्यावारी नेलेलं हे जेवण पळणाऱ्या पोराला कुठल्याही तक्त्यापेक्षा चांगलं आहे, फक्त झुणका भाकरीला लावण्यापुरता नसावा.

सोयाबीनचं प्रकरण सगळ्यात अवघड गेलं. ज्या गावात प्रत्येकाच्या घरात पोतं आहे तिथं ते खायचं म्हटलं की तोंडं वाकडी. त्याला वास येतो, पोट फुगतं, "ढोरायचं खाणं" असंही म्हणतात. वास येतो हे खरं आहे. आणि कच्चं दळून पोळीत घातलं तर पोट बिघडतं हेही खरं, कारण कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिनांचं पचन अडवणारा घटक असतो. तो उष्णतेनं मोडतो. त्यामुळं रात्रभर भिजवायचं, ते पाणी फेकायचं, नव्या पाण्यात वीस-पंचवीस मिनिटं चांगलं उकळायचं, चोळून सालं काढायची, उन्हात खडखडीत वाळवायचं, हलकं भाजायचं आणि मग नऊ किलो गव्हात एक किलो घालून दळून आणायचं. गिरणीवाला आधी नाही म्हणाला, तेलकट पिठानं जातं चोंदतं म्हणून. गव्हात मिसळून आणलं तेव्हा तयार झाला. पोळी थोडी पिवळसर होते आणि जरा लवकर वातड होते, गरम असेपर्यंत फरक कळत नाही. तेवढ्याच पिठात दिवसाला सहा-साडेसहा ग्रॅम वाढतात आणि गव्हात कमी पडणारं लायसिनही येतं. पिठाचं सांगितलं कुणालाच नाही. महिन्यानं सांगितलं तेव्हा ज्यानं सगळ्यात जास्त नावं ठेवली होती त्याच्याच शेतातलं सोयाबीन असल्याचं मी मुद्दाम दाखवून दिलं.

सोयाबीनच्या वड्यांना मात्र कधी विरोध झाला नाही. तेल काढून उरलेल्या पिठापासूनच त्या बनतात, शंभर ग्रॅमला पन्नासच्या वर प्रथिनं. गरम पाण्यात भिजवून घट्ट पिळायच्या, नाहीतर रस्सा आत शिरत नाही. काळ्या मसाल्यात केल्या की मटणासारख्या लागतात असं पोरं म्हणतात. माळकरी पोरांना ते ऐकवत नाही, म्हणून त्यांच्यासमोर मी "वडीची भाजी" एवढंच म्हणते.

अंडी. स्वामी विवेकानंदांनी तरुणांना आधी शरीर कमवायला सांगितलं, फुटबॉलचा दाखला दिला, हे इथल्या शाळेतल्या लहान पोरालाही पाठ असतं. ते स्वतः बंगाली, मासे-मटण खाणारे होते हेही चरित्रात आहे. पण त्यांच्या नावाच्या गावात माझ्या घरमालकीणबाईंना अंड्याचं टरफल दिसलेलं चालत नाही. मला यात भांडण दिसत नाही. घर त्यांचं आहे, आणि माळ घातलेली पोरं त्याच भांड्यांत जेवतात. ज्याला अंडी चालतात तो रस्त्यावरच्या गाडीवर दोन उकडलेली खातो, बारा-तेरा ग्रॅम होतात. उकडलेलीच खा, एवढं मी सांगते. ताकद येते म्हणून दुधात कच्चं फोडून पिणारे आहेत अजून, आणि कच्च्या अंड्यातलं प्रथिन जवळजवळ निम्मंच अंगी लागतं. जो अंडी खात नाही त्यानं दूध-दही सोडायचं नाही, कारण बी-१२ हे जीवनसत्त्व डाळीत नसतं.

उपवासाचा दिवस म्हणजे मेसवालीची परीक्षा. साबुदाणा पिठूळ, प्रथिन जवळजवळ शून्य, आणि एकादशीला सर सुट्टी देत नाहीत. भगर आणि शेंगदाण्याची दाट आमटी, वर वाटीभर दही, एवढ्यावर तो दिवस निभतो. साबुदाणा पूर्ण बंद करणं मला जमलेलं नाही. जमेल असंही वाटत नाही.

मुलींचं वेगळं लिहायला हवं, कारण त्यांचा हिशोब डाळीवर थांबत नाही. भरतीच्या मुली मेसमध्ये बसून जेवत नाहीत, डबा खोलीवर नेतात आणि एका डब्यात दोघी भागवतात. पैसे वाचवायला. घरी सगळ्यांच्या मागून जेवायची सवय, तीच खोलीवर येते. महाराष्ट्रातल्या निम्म्याहून जास्त बायांच्या अंगात रक्त कमी आहे असं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी सांगते. रक्तच कमी असेल तर ८०० मीटरच्या दुसऱ्या फेरीत दम लागणारच, मग प्रथिनं कितीही द्या. मी दोन गोष्टी केल्या. मुलींच्या डब्यात डाळीचा खण वेगळा आणि मोठा केला, आणि प्रत्येक डब्यात लिंबाची फोड ठेवली. लिंबामुळं डाळी-पालेभाजीतलं लोह नीट शोषलं जातं, जेवणावर लगेच घेतलेल्या चहामुळं अडतं. चहा अजून सुटला नाही, पण जेवणानंतर तासभर थांबायला लागल्या. एकीला डॉक्टरांकडं पाठवलं, गोळ्या सुरू झाल्या, हिमोग्लोबिन चढलं. डब्याचं श्रेय त्यात किती, ते मी घेत नाही.

पोरांच्या खोल्यांत भिंतीवर अविनाश साबळेचा फोटो असतो. बीडच्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा पोरगा, फौजेत गेला, २०२४ ला पॅरिसच्या डायमंड लीगमध्ये ३००० मीटर स्टीपलचेस ८ मिनिटं ९.९१ सेकंदांत पळाला. त्याच्यासारखं खायचं म्हणून पोरं मला विचारतात. मी सांगते, त्याच्या मागं सैन्याचा लंगर आहे, प्रशिक्षक आहेत, डॉक्टर आहेत. तुमच्या मागं मी आहे. तुम्हाला स्टीपलचेस नाही पळायचं, पाच मिनिटं दहा सेकंदांत मैदानाच्या चार फेऱ्या मारायच्या आहेत आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा उभं राहायचं आहे. त्याला एवढं पुरतं.

पुरलं का? सरांनी दोन-अडीच महिन्यांनी सांगितलं की गुरुवारची कुरकुर कमी झाली. २०२४ च्या जूनमध्ये राज्यभर भर पावसात मैदानी चाचण्या झाल्या, तेव्हा आमची काही पोरं लागली, बरीच राहिली. लागलेल्यांच्या यशात माझ्या वरणाचा वाटा काढणं हा लबाडपणा होईल. लेखी परीक्षा १०० गुणांची असते आणि तिथं डाळ उपयोगी पडत नाही. पण एक गोष्ट मोजता येते. पूर्वी दुखलं म्हणून आठवड्यातून दोन-तीन पोरं मैदान बुडवून मेसमध्ये उशिरा उठून यायची. आता सकाळी नऊनंतर पोह्यांचं पातेलं रिकामंच असतं, उशिरा येणारं कुणी उरत नाही.

सध्या माझं डोकं अडकलं आहे ते तूरडाळीच्या खर्चात. गावातल्या एका बचत गटाकडं पीकेव्ही मिनी दालमिल आहे, अकोल्याच्या कृषी विद्यापीठानं तयार केलेली. पोरांच्या बापांना मी म्हटलं, मेसचे पूर्ण पैसे रोख देऊ नका, घरची तूर द्या. व्यापाऱ्याला घालता त्यातलं एक पोतं इकडं टाका, मी इथं डाळ करून घेते. क्विंटलला सत्तर किलोच्या आसपास डाळ पडते, भरडणीचे पैसे देऊनही दुकानापेक्षा स्वस्त जाते. मागच्या हंगामात तिघांनी आणून टाकली. लगेच वाद सुरू. एकाची तूर ओली होती, तिला दोन दिवस ऊन दाखवावं लागलं आणि ते वजन कुणाच्या खात्यातून गेलं यावर बोलाचाली झाली. दुसऱ्यानं विचारलं, भाव कोणता लावणार, हमीभाव की मेहकरच्या बाजारातला? मी म्हटलं, ज्या दिवशी तूर येईल त्या दिवशीचा मेहकरचा. त्याला हमीभाव हवा होता. शेवटी दोन्हींच्या मधला ठरला, आणि सरांनी तो माझ्या वहीत लिहून खाली सही केली.

यंदा हरभराही तसाच घ्यायचं ठरतं आहे. भरडल्यावर निघणारी चुनी कुणाची, हे तेवढं राहिलं आहे. तूर आमची म्हणून चुनीही आमची, असं बाप म्हणतात. मी म्हणते, सकाळचं दूध पोरं माझ्या म्हशीचं पितात, तेव्हा चुनी तिची.